पहिलीचा वर्ग कोणाकडे?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत गेले की मी आधी एवढंच विचारते: पहिलीचा वर्ग कोणाकडे आहे? शाळेतल्या सगळ्यात जाणत्या बाई किंवा गुरुजी पहिली-दुसरी हौसेने घेत असतील, तर पुढचं बरंचसं ठीक असतं. ‘यंदा नवीन आलेत त्यांना दिलाय’ असं उत्तर आलं की काळजी वाटते. अशा शाळेत चौथीच्या गुरुजींना काना-मात्रा शिकवाव्या लागतात आणि त्याच वेळी पुस्तकही संपवून दाखवावं लागतं. दोन्ही धड होत नाहीत.

*

सरकारी शाळा बिघडल्या कारण मास्तर येतच नाहीत, असं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येतं. २००३ साली जागतिक बँकेच्या पाहणीसाठी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी दिल्या गेल्या. चारांतला एक शिक्षक गैरहजर सापडला. झारखंडात हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होतं, तर महाराष्ट्रात सुमारे १५ टक्के, म्हणजे पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. पण त्याच पाहणीत देशभरात भेटीच्या वेळी प्रत्यक्ष शिकवताना दिसले ते जेमतेम निम्मे शिक्षक. आपल्याकडे खरं दुखणं इथे आहे. गुरुजी शाळेत पोचतात, त्यांचा वेळ वर्गात पोचत नाही.

*

घाटमाथ्यावरची एक द्विशिक्षकी शाळा. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. दुसऱ्या बाई, त्यांच्याकडेच मुख्याध्यापकपदाचा प्रभार, वरांड्यात रेंज मिळते तिथे उभ्या. पोषण आहाराचे आकडे भरायचे होते, तांदळाचा साठा जुळत नव्हता, तेवढ्यात पंचायत समितीतून फोन: अमुक मुलांची आधार दुरुस्ती आजच्या आज. आत चारही वर्ग एकाच खोलीत. चौथीतली एक मुलगी पट्टी घेऊन फळ्यापुढे उभी राहिली आणि दुसरीच्या मुलांकडून शब्द वाचून घेऊ लागली. ‘स्वच्छ’पाशी सगळे अडखळले. तिने ‘स्व’ हाताने झाकून ‘च्छ’ वेगळा म्हणायला लावला, मग हात काढला. फार सुरेख शिकवत होती. पण तिची स्वतःची चौथी त्या सकाळी कोण शिकवत होतं?

शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी कामाला शिक्षकांना जुंपायला बंदी केली आहे. माहिती भरणं हे ‘शैक्षणिक’ म्हणून खपतं, म्हणून ते कलम त्या बाईंच्या उपयोगाचं नाही.

*

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटाबद्दल (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे एखाद-दुसरी नाही, बीटातल्या शाळा मिळून बदलल्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांबरोबर बसून ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकणं, वर्गात उतरवला. फरशीवर आखलेले तक्ते, दशकाचे गठ्ठे बांधायला काड्या, बाटल्यांची झाकणं, चिंचोके. मुलं गटागटाने खाली बसलेली आणि गुरुजीही त्यांच्यात खाली. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला आले. पुढे २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा या कामाचं नाव सगळीकडे होतं.

मग काय झालं? पुष्कळ शाळांनी फरश्या रंगवल्या. रंगवलेली फरशी फोटोत येते. भराडेबाईंनी केलेलं दुसरं काम फोटोत येत नाही: अधिकाऱ्याने तपासणीची वही बाजूला ठेवून वर्गात बसणं, अडलेल्या शिक्षकाला तिथल्या तिथे हात देणं, पुन्हा पुन्हा जाणं. केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकारी ही मधली फळी नेमकी यासाठी आहे. आज ती टपाल गोळा करण्यात अडकली आहे, कितीतरी ठिकाणी जागाच रिकाम्या आहेत. शाळा मागे का पडतात याचा शोध वर्गात सगळे घेतात, या फळीत फारसं कोणी घेत नाही, याचा मला राग येतो.

*

मुलांना वाचता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ची २०२४ ची ग्रामीण पाहणी: देशातल्या सरकारी शाळांत पाचवीतली साधारण ४५ टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात. उरलेल्यांसमोर रोज पाचवीचं पुस्तक उघडलं जातं.

*

मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल पहिलीत आलं की अक्षराआधी त्याला मराठी गाठायची असते. बीडच्या ऊसतोड कामगाराचं मूल दिवाळीच्या आगेमागे फडावर जातं आणि उन्हाळ्यात परततं. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तरच ते आजीपाशी, शाळेजवळ राहतं. या शाळांचा निकाल आणि तालुक्याच्या गावातल्या शाळेचा निकाल एकाच तक्त्यात मांडणं अन्याय आहे.

*

वाबळेवाडी (ता. शिरूर) आणि जालिंदरनगर (ता. खेड) इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा. दोन्ही घडवल्या त्या दत्तात्रय वारे गुरुजींनी, एकीनंतर दुसरी. जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्तम शाळांच्या पारितोषिकांतला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. गावाने शाळा आपली मानली की काय होतं, ते इथे दिसतं. मात्र हे दोन्ही तालुके रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यातले आहेत, तिथे पैसा उभा राहतो. सातपुड्यातल्या धडगावच्या पाड्यावर लोकवर्गणी मागायची कोणाकडे? तिथली शाळा सरकारच्या पैशानेच चांगली व्हायला हवी.

आणि वारे गुरुजी एकच आहेत.

*

२०२३ मध्ये राज्यात तोरणमाळ आणि पानशेत इथल्या शाळांच्या धर्तीवर समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले. कमी पटाच्या शाळा एकत्र आणायच्या, मुलांना वाहनाने न्यायचं. काही ठिकाणी ते योग्यही ठरेल. तीन मुलांच्या शाळेत मुलांना खेळायलाही सोबत नसते. पण ‘पट वीसच्या आत’ एवढाच निकष लावून सरसकट चालू नये. पावसाळ्यात ओढा भरला की गाडी अलीकडेच थांबते, आणि लांबच्या शाळेतून आधी मुलींचं नाव निघतं. पट कमी का झाला हेही कोणी विचारत नाही. गुरुजींची बदली झाली, जागा रिकामी राहिली, एकाच शिक्षकावर चार वर्ग आले, तेव्हा ऐपत असलेल्या पालकांनी मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवली. पट उतरला तो त्यानंतर. ज्या शाळेला कुलूप लावायचं ठरेल, तिच्या पटाच्या आकड्याशेजारी दुसऱ्या शिक्षकाची जागा किती वर्षं रिकामी होती तेही लिहावं, आणि मगच त्या कागदावर सही व्हावी.