नाडी

आईचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. यात जठराचा बराचसा भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाला स्टेपलची लांब शिवण घालतात. ती शिवण गळते का, हे ऑपरेशनच्या वेळीच निळा रंग सोडून तपासलं होतं. थेंबही बाहेर आला नव्हता. मी निर्धास्त झाले.

तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "काही नाही गं, डावा खांदा जरा दुखतोय." दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या गॅसमुळे खांदा दुखतो, हे आधीच सांगितलं होतं. म्हणून सिस्टर आल्या तेव्हा मीच म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय, सकाळी बघा ना."

त्यांनी ऐकलं नाही. मनगट धरलं. नाडी १२४! ताप नव्हता, पोटही फारसं दुखत नव्हतं, तरी त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. सीटी स्कॅनमध्ये गळती दिसली. मग पोटात नळी, अँटिबायोटिक्स, तोंडाने काहीच नाही. घरी यायला महिना लागला.

आई आता बरी आहे. पण ती "काही नाही गं" म्हणाली, की माझा हात आपोआप तिच्या मनगटाकडे जातो.