गोळी आणि चहा यांच्या मधला श्वास

"ताई, थायरॉइडवर कुठला प्राणायाम?" जेद्दाच्या शराफिया भागात हा प्रश्न मला लिफ्टमध्येसुद्धा विचारतात. नोव्हेंबर २०१७मध्ये सौदी सरकारने योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्यासाठी झटणाऱ्या नौफ मरवाई जेद्दाच्याच. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हापासून मी चटई उघड काखेत मारून फिरते, त्यामुळे प्रश्नही उघड येतात. विचारणारीच्या मनात मात्र दुसरंच असतं: गोळी कधी सुटेल?

प्राणायामांत उज्जायी माझा आवडता, पण शिकवायला चिवट. तोंड मिटून, कंठ किंचित आवळून श्वास घ्यायचा आणि सोडायचा. घशात बारीक घासल्यासारखा आवाज यावा; शेजारणीला ऐकू गेला तर जोर जास्त झाला. मी सांगते, चष्म्याची काच पुसायला 'हाऽ' करतो ना, तेच तोंड मिटून करा. (ऑगस्टात एसीतून बाहेर पाऊल टाकलं की इथे काच आपोआपच धुरकटते, ते सोडा.) नव्या बाया हटकून खांदे उचलतात, दात आवळतात. जबडा सैल पडला की आवाज नीट लागतो. चार अंक आत, सहा-आठ अंक बाहेर. श्वास रोखायचा नाही.

आवाज गळ्यात, ग्रंथीही गळ्यात. म्हणून 'आतून मालिश होऊन थायरॉइड जागी होते' असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. थायरॉइडला हुकूम मिळतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीकडून, टीएसएच या संप्रेरकामार्फत. हाशिमोटोच्या आजारात तर प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. घशातल्या कंपनांना तिथे कोण विचारतो? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते योग प्रयोगशाळेत तपासून पाहायला. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी एवढी तरी शिस्त पाळावी.

लांब उच्छ्वासाने ठोके मंदावतात, जीव जरा शांत होतो. मुलं शाळेत, नवरा कामावर, गावची माणसं फोनमध्ये, अशा फ्लॅटमध्ये दिवस काढणारीला तेवढंही पुष्कळ. थायरॉइड जास्त चालून धडधडतंय तिला मात्र मी कपालभाती करू देत नाही. बीपी किंवा काचबिंदू असेल तर सर्वांगासनही नाही.

खरा उपयोग मला भलतीकडेच सापडला. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. आमच्या बायकांचं घोडं अडतं ते इथेच: गोळी घशाखाली उतरते न उतरते तोच चहाचा घोट. तो अर्धा तास मी श्वासाला देऊन टाकला. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चार तासांनंतर.

रमजानात रत्नागिरीकडच्या एका खालांनी विचारलं, "आता रोज्यात कसं?" डॉक्टरांना विचारून त्यांची गोळी सहेरीच्या अर्धा तास आधी ठरली, म्हणजे उठणंही तेवढंच लवकर. कुरकुरल्या, पण उठतात. उज्जायी करतात, मग सहेरीला बसतात. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा म्हटलंय. आकडा सुधारला तर श्रेय गोळीला द्या, असंही बजावलंय. त्या काही ऐकायच्या नाहीत.