कल्पिताचा दाखला

गेली पंधरा-वीस वर्षे मी कादंबऱ्या लिहितो. न घडलेले घडले असे मानून चालणे हा माझा धंदाच! शाळेत मात्र मी मास्तर. तिथे सही-शिक्क्याचे तेवढेच खरे. या दोघांची एकदा घरातच गाठ पडली, आणि त्यात मास्तर चुकला, हे आज कबूल करायला हवे.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. मागल्या श्रावणात आईने अंथरूण धरले. मी त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "दादा, माझ्या परवान्याची मुदत संपलीय. अर्ज मुदतीआधीच केलाय, पण निकाल नाही. हाती नुसता एक कागद आहे."

कागदाचे नाव त्याने दोनदा सांगितले तेव्हा कुठे कळले : फिक्ट्सिऑन्सबेशायनिगुंग. म्हणजे कल्पिताचा दाखला! कचेरीचा निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच आहे, असे कायद्याने कल्पायचे.

"बाबा रे," मी म्हणालो, "कल्पनेवर विसंबून कुणी विमानात बसतो का? परत घेतले नाही तर? नोकरी, बिऱ्हाड, पोरीची शाळा, सारे तिकडे. कार्ड हाती येऊ दे, मग ये."

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "फुली कोणत्या चौकटीत आहे, त्यावर सारे आहे, दादा." त्यांच्या निवासाच्या कायद्यातले 81वे कलम. फुली तिसऱ्या उपकलमावर असेल, तर तिथे राहता येते; पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर पुन्हा आत येता येत नाही. चौथ्यावर असेल, तर पासपोर्ट, जुने कार्ड आणि हा कागद घेऊन जाता येते, आणि कागदाच्या मुदतीत परतताही येते. त्याची फुली चौथ्यावर होती.

तो आला. आठ दिवस आईच्या उशाशी बसला. पहिल्या दिवशी ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून एकच घोकणी : "परत घेतील ना रे तुला?" त्याने कागद उलगडून दाखवला. ती म्हणाली, "अरे, ही तर फुली! दादा वह्यांवर मारतो तशी."

"आई, तिकडे फुली म्हणजे बरोबर."

ती हसली. आजारपणातले तिचे ते एवढेच हसू मला आठवते.

परतताना मुंबईच्या विमानतळावर खिडकीवरच्या माणसाने मुदत संपलेले कार्ड पाहून मान हलवली. वरिष्ठ आले, फोन झाले. मी बाहेर काचेपाशी उभा. पाऊण तासाने त्याने आतून हात हलवला. तिकडे फ्रँकफुर्टला मात्र अधिकाऱ्याने कागद पाहिला आणि लगेच सोडले.

आश्विनात आई गेली. कार्ड त्यानंतर तीन आठवड्यांनी आले. माझे ऐकून तो थांबला असता तर? पुढचे वाक्य मला, कादंबरीकार असूनही, लिहिता येत नाही.

या दिवाळीला तो येतो आहे, खऱ्या कार्डावर. वह्या तपासताना मात्र हल्ली फुली मारायची वेळ आली, की माझा हात क्षणभर थांबतो.