बोट पकडा, गाण गाठा!

लाँग वीकेंड म्हणजे अलिबागचा बीच, हे समीकरण यंदा बदलूया? गेटवेहून मांडव्याची पहिली बोट पकडा. पुढे अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा साळावचा पूल आणि मग सुपेगाव. मुरूड-रोह्याच्या डोंगरातलं हे फणसाड अभयारण्याचं दार. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६पासून अभयारण्य. इथल्या पाणवठ्याला म्हणतात 'गाण'. फणसाडच्या गाणीवरूनच जंगलाला नाव मिळालं.

आता प्लॅनिंग. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. मे महिन्यात ओढे आटले की सांबर, भेकर, बिबट्या अशा सगळ्यांची भिस्त गाणीवर. म्हणजे प्राणी दिसायचा चान्स जास्त, पण जबाबदारीही तेवढीच. दहा जणांचा ग्रुप काठावर डबे उघडून बसला, तर तहानलेलं जनावर झाडीतूनच माघारी फिरतं. तेव्हा गेटवर नोंद करा, गावातला वाटाड्या घ्या, तीन-चार जणच जा आणि पाण्यापासून लांब, गप्प बसा. मोबाइल सायलेंट! नशीब असेल तर डोक्यावरच्या फांदीत शेकरू दिसेल.

परतताना रोह्याहून पेण-पनवेलमार्गे दिव्याची ट्रेन आहेच. शेवटच्या बोटीचं टेन्शन नको.