समुद्रावर टेकडी नसते



गेल्या महिन्यात हर्णैहून भाच्याचा फोन आला. "मामा, फायबरची छोटी होडी घेतलीय. वायरलेस बसवायचाय. तुम्ही सिग्नल्समध्ये होतात, कुठला सेट घेऊ ते सांगा." मी म्हटलं, "सेटचं शेवटी बघू. आधी एरियल कुठे लावणार ते सांग." तो गप्प झाला. मी कंपनीचं नाव सांगेन असं त्याला वाटलं असणार. पण हे शहाणपण मला अंदमानात आलं, आणि फुकट आलं नाही.

माझी निम्म्याहून जास्त नोकरी डोंगरात गेली. तिथे संपर्क लागला नाही तर उस्ताद एकच सांगायचे, वर चढ. त्यानंतर पोर्ट ब्लेअरची पोस्टिंग आली. युनिटकडे एक फायबरची बोट होती, मागे ओबीएम लावलेली. रसद आणि डाक न्यायला ती वापरायचो. तिच्यावर मरीन व्हीएचएफ बसवायचं काम सीओ साहेबांनी माझ्यावर टाकलं. मी कॅटलॉग उघडला आणि सगळ्यात मोठे आकडे निवडले. सेट २५ वॅटचा, एरियल ९ डीबी गेनची. जेट्टीला बांधलेल्या बोटीतून बोलून पाहिलं. कंट्रोलचा ऑपरेटर म्हणाला, लाउड अँड क्लिअर. मी रजिस्टरवर सही केली.

चार महिन्यांनी त्याच बोटीतून आम्ही पाच जण परत येत होतो. किनारा नऊ-दहा किलोमीटरवर असेल. ओबीएम खोकला आणि बंद पडला. दोरी ओढून हात सोलले, पण तो चालू होईना. बोट आडवी झाली आणि हेलकावे खायला लागली. मी माइक घेतला, चॅनेल १६ लावला आणि बोललो. उत्तर नाही. परत बोललो. उत्तर नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. बटण दाबलं की सेटचा दिवा मंद व्हायचा, सोडलं की परत उजळायचा.

सगळ्यात वाईट वेळ पुढे आली. ठरलेल्या वेळी आम्ही पोहोचलो नाही म्हणून आमचाच ऑपरेटर आम्हाला बोलवायला लागला. त्याचा आवाज खरखरत, पण समजेल इतका येत होता. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा. दर पाच मिनिटांनी तो बोलवत होता, मी उत्तर देत होतो आणि ते त्याला ऐकू जात नव्हतं. बोटीतला सगळ्यात लहान जवान माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, सेट चांगला आहे ना?" मला उत्तर देता आलं नाही.

तीन तासांनी एका मच्छीमार दादाची डुंगी दिसली. त्याने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. त्याच्याकडे वायरलेस नव्हताच.

रात्री बोट उघडून बसलो. सेटमध्ये दोष नव्हता, सगळे दोष माझ्या निवडीत आणि जोडणीत होते. २५ वॅटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. मी बॅटरीपासून पातळ वायर लांबवर फिरवून आणली होती. ऐकायला ती पुरायची, पण बोलताना व्होल्टेज बसायचं. एरियलच्या कनेक्टरमध्ये खारं पाणी शिरून आत हिरवा थर चढला होता. आणि एरियल होती पाच मीटरच्या वर. ती जेट्टीच्या छपराला लागते म्हणून जवान ती आडवी पाडून ठेवायचे. त्या दिवशी तिचा बिजागर गंजून अडकला होता आणि एक जवान ती हाताने धरून उभा होता.

ती सरळ उभी राहिली असती तरी माझी निवड चूकच होती. गेन म्हणजे फुकटची ताकद नव्हे. आहे तीच ताकद पट्ट्यासारखी दाबून क्षितिजाकडे पाठवलेली असते. गेन जितका जास्त, तितका पट्टा अरुंद. मोठ्या जहाजावर ते ठीक आहे. छोटी बोट हलली की तो पट्टा कधी आकाशात जातो, कधी पाण्यात. तिला ३ डीबीची, मीटरभर उंचीची साधी एरियल बरी, तीही हाफ-वेव्ह. फायबरच्या बोटीत खाली धातूचा पत्रा नसतो आणि हाफ-वेव्हला तो लागतही नाही.

आता भाच्याला सांगितलेला हिशोब तुम्हालाही सांगतो. एरियलची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला चारने गुणा. तेवढे किलोमीटर तिचं क्षितिज. पाण्यापासून १ मीटरवर ४ किलोमीटर, ४ मीटरवर ८. समोरच्याचं क्षितिज त्यात मिळवायचं. हातातले सेट घेऊन दोन होड्यांत बसून बोललात, तर आठ किलोमीटरच्या पुढे फारशी आशा नाही, वॅट कितीही असोत. डोंगरात आपण टेकडीवर चढतो. समुद्रावर टेकडी नसते, ती सोबत न्यावी लागते. आम्ही मग एक पाइप उभा करून त्यावर छोटी एरियल चढवली. वायर जाड घेतली, फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडली. कनेक्टर झाळून त्यावर रबरी टेप गुंडाळली. एक वॉटरप्रूफ हँडसेट कायम एकाच्या छातीवर, कारण बोट उलटली तर बसवलेला सेट तिच्याबरोबर जातो. आणि रेडिओ चेक जेट्टीवर नाही, तर पाच किलोमीटर गेल्यावर, दर फेरीला.

भाच्याला म्हटलं, सेट डीएससीचा घे, त्याला जीपीएस जोड. लाल बटण दाबून धरलं की चॅनेल ७० वरून तुझा नंबर आणि जागा आपोआप जाते. त्यासाठी नऊ आकडी एमएमएसआय नंबर भरावा लागतो. आपल्याकडे तो ४१९ ने सुरू होतो. परवान्याचे कागद आधी कर. मोबाइलमध्ये कोस्ट गार्डचा १५५४ नंबर ठेव, पण किनारा सुटला की त्याच्या भरवशावर राहू नकोस.

परवा त्याने फोटो पाठवला. होडीवर पाइप सरळ उभा, वर एरियल. खाली लिहिलं होतं, "मामा, सेट कुठला ते राहिलंच." मी विचारलं, "पैसे किती उरले?"

जय हिंद.