वीस बळी कुठून आणणार?

इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. तिकडे हिरवळीवर कसोटी रंगात येते तेव्हा इकडची मैदानं चिखलात गेलेली असतात. त्यामुळे इंग्लंड दौऱ्याच्या संघावरची आपली चर्चा होते ती भर वैशाखात, शाळांना सुट्टी असताना, आंब्याच्या पेट्या घरात असताना. संघ जाहीर होण्याआधी आपापला संघ कागदावर मांडून बसणारी माणसं मराठी घरांत कमी नाहीत. माझे दादरचे मामा त्यांतले. आम्ही पोरं आधी सहा फलंदाज लिहायचो, मग यष्टीरक्षक, आणि उरलेल्या जागांवर गोलंदाज. मामा कागद वाचायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, “हे सगळं ठीक आहे रे, पण वीस बळी कुठून आणणार?”

संघनिवडीवर आजवर जे काही वाचलं, ऐकलं, त्यात या प्रश्नाइतका कामाचा प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही. धावांनी कसोटी वाचते. जिंकायची तर समोरचा संघ दोनदा बाद करावा लागतो, आणि ते करू शकणारा माणूस पुष्कळदा बेभरवशाचा असतो. त्याला संघात घ्यायला छाती लागते.

१९७१ च्या उन्हाळ्यासाठी निवडलेला भारतीय संघ म्हणूनच माझ्या मनातून जात नाही. निवड समितीचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी आपलं निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केलं होतं, वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी. पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताने १९६८ मध्ये न्यूझीलंडला हरवून परदेशातली पहिली मालिका जिंकली होती. एवढ्या मोठ्या खेळाडूला बाजूला करणं ही साधी गोष्ट नव्हती.

मर्चंटांचं ते मत समजून घ्यायचं तर १९३६ मध्ये जावं लागतं. त्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या संघात तरुण मर्चंट होते, आणि कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार. सी. के. नायडूंसारखा जाणता खेळाडू संघात असताना कर्णधारपद त्यांना मिळालं ते पैशाच्या आणि वजनाच्या बळावर. तिन्ही कसोट्या ते खेळले आणि सगळ्या मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. पहिल्या कसोटीच्या आधीच लाला अमरनाथना शिस्तभंगाचा ठपका ठेवून मायदेशी पाठवण्यात आलं. त्याच दौऱ्यात मँचेस्टरला मर्चंट आणि मुश्ताक अलींनी २०३ धावांची सलामी दिली. चुकीच्या निवडीचा भार खेळाडू कसा वाहतात हे या माणसाने ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिलं होतं. त्याच्याही आधी, १९११ साली, पुण्याच्या मैदानांवर घडलेले पाळवणकर बाळू इंग्लंडला गेले, शंभराहून अधिक बळी घेऊन परत आले, आणि जातीमुळे कर्णधारपदापासून दूर ठेवले गेले. पतौडींना त्या महाराजकुमारांच्या पंगतीत कुणी बसवू नये. ते खरेखुरे कर्णधार होते. पण भारतीय संघ कोण निवडतो आणि कशाच्या जोरावर निवडतो, हा प्रश्न मर्चंटांनी पस्तीस वर्षं मनात बाळगला असणार, असं मला वाटतं.

वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली. वाडेकरांनी आग्रह धरून नेलेल्या दिलीप सरदेसाईंनी, आपल्या मडगावच्या सरदेसाईंनी, तिथे ६४२ धावा केल्या, तर सुनील गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोट्यांत ७७४. एवढं यश हाती असताना इंग्लंडसाठी तोच संघ पुढे पाठवणं सोपं होतं. कुणी बोट ठेवलं नसतं. मर्चंटांच्या समितीने मात्र भागवत चंद्रशेखरना परत बोलावलं.

चंद्रशेखरांचा उजवा हात लहानपणीच्या पोलिओने बारीक झालेला. त्याच हाताने ते लेगस्पिन टाकायचे, आणि तीही जवळजवळ मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने. साडेतीन वर्षं ते कसोटी खेळले नव्हते. मधल्या काळात दुखापत आणि स्कूटरचा अपघात झालेला. त्यांची फलंदाजी तर नावालाच होती. साऱ्या कारकिर्दीत त्यांनी २४२ बळी घेतले आणि धावा केल्या १६७. चेंडू मनासारखा पडला नाही तर षटकामागे षटक धावांची खैरात व्हायची. कागदावर मांडून बघा, असा माणूस सुरक्षित संघात बसतच नाही. पण इंग्लंडचा तो संघ नुकताच ऑस्ट्रेलियात ॲशेस जिंकून आलेला होता. त्यांना दोनदा बाद करायचं तर नुसती शिस्तबद्ध गोलंदाजी पुरणार नव्हती. फलंदाजाला चेंडू वाचताच येऊ नये, असा कुणीतरी हवा होता.

लॉर्ड्स आणि मँचेस्टर अनिर्णित राहिले. ओव्हलला इंग्लंडने पहिल्या डावात ३५५ केल्या, भारताने २८४. दुसऱ्या डावात लकहर्स्टने सरळ मारलेला चेंडू चंद्रशेखरांच्या हाताला लागून समोरच्या यष्ट्यांवर गेला आणि त्या टोकाला असलेला जेमसन धावचीत झाला. मग एडरिच त्रिफळाचीत, बॅट खाली यायच्या आत. पुढच्याच चेंडूवर फ्लेचर, झेल सोलकर. ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड सर्व बाद १०१.

त्या डावातला एक झेल मी जुन्या चित्रफितीत कितीदा पाहिला असेल. ॲलन नॉटने पहिल्या डावात ९० काढल्या होत्या. वेंकटराघवन गोलंदाजीला, आणि एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला, बॅटच्या इतक्या जवळ की हेल्मेटशिवायचा तो काळ आठवून आजही पोटात गोळा येतो. चेंडू बॅटची कड घेऊन खाली पडू लागतो, सोलकर पुढे झेपावतात, अंग पूर्ण जमिनीला समांतर, आणि चेंडू गवतापासून थोडा वर असताना बोटांत सापडतो. हा झेल म्हणजे संघनिवडीचाच भाग आहे. सोलकर थोडी फलंदाजी करायचे, नवा चेंडू थोडा टाकायचे. आकड्यांत बघितलं तर मधलेच. पण तीन फिरकी गोलंदाज खेळवायचे तर बॅटजवळ उभा राहणारा माणूस लागतो, त्याच्याविना निम्मे बळी हातचे जातात. मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल.

२४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, अबिद अलींच्या फटक्यावर भारत चार गडी राखून जिंकला. इंग्लंडमध्ये भारताने त्याआधी एकही कसोटी जिंकलेली नव्हती.

विजयाच्या या गोष्टीत जे नव्हते त्यांचंही बोललं पाहिजे. पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्स आणि लॉइड यांना बाद करून पहिला विजय हाताशी आणणारे सलीम दुराणी इंग्लंडच्या विमानात नव्हते. एरापल्ली प्रसन्ना दौऱ्यावर होते, पण तिन्ही कसोट्या त्यांनी बाहेर बसून पाहिल्या, कारण दुसरे ऑफस्पिनर वेंकटराघवन उपकर्णधार होते आणि बॅटीने, क्षेत्ररक्षणात अधिक उपयोगी. आणि मुंबईत पद्माकर शिवलकर होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३ चा रणजी अंतिम सामना, समोर तमिळनाडू, शिवलकरांचे आकडे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. कसोटी एकही नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयलांची गोष्ट तीच. डावखुऱ्या फिरकीची जागा एकच, आणि ती बिशनसिंग बेदींची. बेदींना घेणं बरोबरच होतं. शिवलकरांवर अन्याय झाला, हेही तितकंच खरं. निवड बरोबर असली म्हणजे तिच्यात कुणाचं नुकसान झालं नाही असं होत नाही, आणि हे ज्याला टोचत नाही त्याने निवड समितीच्या खुर्चीत बसू नये.

३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले. त्यानंतर पावणेतीन महिन्यांनी, २४ मे रोजी, मुंबईचेच अजित आगरकर इंग्लंड दौऱ्याचा संघ जाहीर करत होते. रोहित शर्मा आणि विराट कोहली त्याच महिन्यात कसोटीतून निवृत्त झालेले. पंचविशीतल्या शुभमन गिलला कर्णधार केलं, करुण नायरला आठ वर्षांनी बोलावलं, मुंबईचा सर्फराझ खान आणि श्रेयस अय्यर दोघेही बाहेर राहिले. गिलने मालिकेत ७५४ धावा केल्या, सिराजने २३ बळी घेतले, ओव्हलला सहा धावांनी जिंकून मालिका २-२ अशी सुटली. समितीचं धाडस फळाला आलं, यात शंका नाही.

तरीही त्या मालिकेत मला मामांचा प्रश्न छळत राहिला. कुलदीप यादव पाचही कसोट्यांत बाहेर. त्याच्याऐवजी फलंदाजी लांबवणारे फिरकी गोलंदाज खेळले. मँचेस्टरला इंग्लंडने ६६९ धावा उभारल्या तेव्हा चेंडू दोन्हीकडे वळवणारा मनगटी फिरकी गोलंदाज सीमारेषेबाहेर बसलेला होता. आता कुणी म्हणेल, त्याच सामन्यात जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी नाबाद शतकं ठोकून कसोटी वाचवली. वाचवली, आणि ती खेळी अप्रतिम होती. पण वाचवण्याची वेळ का आली, हेही विचारायला हवं. आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हवी, हा हिशेब भीतीतून येतो. १९७१ च्या समितीपुढे ही भीती कमी नव्हती. १९५९ मध्ये पाच, १९६७ मध्ये तीन, अशा सगळ्या कसोट्या हरून संघ परतले होते. तरी त्यांनी धावा न करणारा चंद्रशेखर निवडला, आणि कर्णधाराने तो तिन्ही कसोट्यांत खेळवला.

पुढच्या इंग्लंड दौऱ्याचा संघ निवडणाऱ्यांना माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. ज्याला वगळलं त्याला कारण तुमच्या तोंडून कळू द्या, आणि यादी वाचून दाखवण्याआधी कळू द्या. आणि कागदावर पहिलं नाव लिहाल ते बळी घेणाऱ्याचं लिहा, मग त्याला बॅट धरता येवो न येवो.