सहावे कोर्ट

२०१६ च्या मे महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील विद्यापीठांच्या महिला टेनिस-स्पर्धेत स्टॅनफर्डचा संघ विजयी झाल्याची बातमी मी वाचीत होतो. संघाच्या प्रशिक्षिकेचे नाव ओळीच्या अगदी शेवटी आले होते, आणि ते होते 'लेले'. माझी मान आपोआप ताठ झाली. पुण्याच्या कोणा लेल्यांची मुलगी थेट कॅलिफोर्नियात जाऊन एवढा पराक्रम करते आणि आम्हांला त्याचा पत्ताही नसतो! बातमी तशीच टाकून मी आत गेलो आणि ही वार्ता घरात मोठ्या अभिमानाने सांगितली. परत येऊन पुढची ओळ वाचतो तो तेथे 'फोरूद' हे आडनाव माझी वाट पाहत होते! लेले हे बाईंचे नाव होते. सदाशिव पेठेशी त्यांचा काही संबंध नव्हता. अभिमान ओसरला, कुतूहल मात्र राहिले.

त्या कुतूहलाला एक जुने कारणही होते. १९८० नंतरची काही वर्षे मी एका महाविद्यालयात गणित शिकवीत असे, आणि जिमखान्याच्या कामांची वाटणी झाली तेव्हा मुलींचा टेनिस-संघ माझ्याकडे आला. तरुणपणी मी थोडेफार खेळलो होतो, एवढीच काय ती माझी पात्रता. मुलींची नावे स्पर्धेला पाठविणे, चेंडूंचे डबे मंजूर करून घेणे, प्रवासभत्त्याचे कागद भरणे आणि सामन्याच्या दिवशी बाकावर गंभीर मुद्रेने बसणे, हे माझे प्रशिक्षण! म्हणूनच, हेच काम जन्मभर मन लावून करणारे कोणी असते आणि त्यात नावलौकिकही मिळतो, याचे मला मोठे नवल वाटले.

पुढे वाचीत गेलो तेव्हा कळले की, अमेरिकेतही हे काम पुष्कळ वर्षे माझ्यासारखेच पदरी पडलेले होते. शारीरिक शिक्षणाच्या बाई आपली इतर कामे उरकून ते सांभाळीत. १९६१ साली विंबल्डनची दुहेरी जिंकलेली बिली जीन मॉफिट, म्हणजे पुढची बिली जीन किंग, लॉस एंजेलिसच्या कॉलेजात शिकू लागली तेव्हा तिला शिष्यवृत्ती नव्हती. त्याच सुमारास त्याच शहरातील दुसऱ्या विद्यापीठात आर्थर ॲश शिष्यवृत्तीवर खेळत होता. दोघेही पुढे विंबल्डनचे एकेरीतील विजेते झाले. पण एकाच्या शिक्षणाचा भार विद्यापीठाने उचलला आणि दुसरीला शिकताशिकता नोकरी करावी लागली.

पुढे जो पालट झाला त्याचे श्रेय १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्याला देतात, आणि ते योग्यच आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेद करता येणार नाही, असे त्याने ठरविले. पण कायदा कागदावर जन्मतो. त्याला मैदानावर कोणी तरी हात धरून आणावे लागते. नवलाची गोष्ट ही की, महाविद्यालयीन मुलींच्या खेळांची व्यवस्था पाहणारे जे मंडळ होते, त्याचाच शिष्यवृत्तीला विरोध होता. हे मंडळ स्त्रियांचेच होते, आणि त्यांचा हेतूही चांगला होता. पुरुषांच्या खेळांत शिरलेला पैशाचा बाजार मुलींपर्यंत येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. परिणाम मात्र असा झाला की, खेळासाठी शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला त्या मंडळाच्या स्पर्धेचे दार बंद झाले. फ्लोरिडातील मेरीमाउंट कॉलेजात शिकविणाऱ्या पीची केल्मायर यांच्या मुली अशाच बाहेर राहिल्या. १९७३ साली त्या आपल्या मुलींसह न्यायालयात गेल्या, आणि त्याच वर्षी मंडळाने आपला नियम सैल केला. एका शिक्षिकेने आपल्या हाताखालच्या मुलींना खेळता यावे म्हणून एवढा खटाटोप केला, आणि त्याचे फळ पुढच्या हजारोंना मिळाले.

या मोकळ्या झालेल्या वाटेने जे पुढे गेले, त्यांत स्टॅनफर्डची गुरुशिष्यांची जोडी अग्रभागी आहे. फ्रँक ब्रेनन यांनी तेथे एकवीस हंगाम शिकविले आणि दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. त्यांतील सहा तर १९८६ ते १९९१ अशी लागोपाठची. त्यांच्या हाताखाली लेले फोरूद अनेक वर्षे सहाय्यक होत्या. त्या स्वतः त्याच विद्यापीठात शिकलेल्या, तेथेच खेळलेल्या आणि नंतर काही काळ व्यावसायिक स्पर्धांत उतरलेल्या. २००० साली गुरूंची जागा त्यांच्याकडे आली, आणि २००१ पासून २०१९ पर्यंत त्यांच्या संघांनीही बरोबर दहा विजेतेपदे मिळविली. आमच्या तालमींत वस्तादाची गादी चालविणारा पठ्ठा असतो. पण गुरूच्या आकड्याशी इतका काटेकोर हिशेब जुळविलेला मी तरी ऐकला नाही.

परंतु आकड्यांचे कौतुक माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराने करावे यात विशेष काही नाही. मला खिळवून ठेवले ते त्यांच्या सामन्याच्या रचनेने. टेनिस म्हणजे जाळ्याच्या दोन बाजूंना दोन माणसे, अशी आपली समजूत. तेथील संघाचा सामना म्हणजे आधी तीन दुहेरी. त्यांतल्या दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. नंतर सहा एकेरी; प्रत्येकीचा एक गुण. एकूण गुण सात, आणि चार मिळविणारा संघ विजयी. सहा कोर्टे शेजारीशेजारी असली की सहाही मुली एकदम खेळतात. पहिल्या कोर्टावर सर्वांत तरबेज मुलगी, आणि त्या क्रमाने सहाव्या कोर्टावर सहावी. गुण मात्र सर्वांचा सारखा! पहिल्या कोर्टावरच्या नामांकित मुलीने कितीही डौलदार खेळ केला तरी तिची किंमत एक, आणि जिचे नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही त्या सहावीचीही किंमत एकच.

आता प्रशिक्षिकेची स्थिती पाहा. बाजू बदलण्याच्या वेळी मुलीपाशी जाऊन दोन शब्द बोलण्याची तिला मुभा असते. पण कोर्टे सहा. मदतीला सहाय्यक थोडेच. कोणत्या मुलीपाशी बसावे आणि कोणीला एकटीच्या बळावर सोडावे, हा निर्णय तिला घडोघडी करावा लागतो. २०१३ साली मानांकनात बारावा आणि २०१६ साली पंधरावा असलेला स्टॅनफर्डचा संघ अंतिम सामन्यात चार विरुद्ध तीन अशा गुणांनी विजयी झाला. चार विरुद्ध तीन याचा अर्थ असा की, एकेरी जिंकलेल्यांपैकी एकही मुलगी डळमळली असती तर विजेतेपद दुसरीकडे गेले असते. अशी बळकटी सामन्याच्या दिवशी येत नाही. सहावीच्या सरावाकडेही पहिलीच्या इतकेच लक्ष दिलेले असावे लागते. शिवाय चार वर्षे झाली की मुलगी पदवी घेऊन जाते, आणि फारच तयार झालेली असली तर त्याआधीही जाते. दोनदा एकेरीची विजेती ठरलेली निकोल गिब्ज २०१३ साली चौथे वर्ष न करताच व्यावसायिक खेळाकडे वळली. मग पुन्हा नवी मुलगी, पुन्हा सहावे कोर्ट. अशी वीसवीस वर्षे!

मात्र तेथेही सर्वांना कोर्ट मिळते असे नाही. एका संघाला आठ शिष्यवृत्त्या, असा नियम २०२५ पर्यंत होता. आठांतून सहा वजा केले की दोन उरतात. राखीव कोणी तरी राहायचेच.

हे गणित मांडले आणि मला आमची तिसरी मुलगी आठवली.

आमच्या स्पर्धेत दोन एकेरी आणि एक दुहेरी असे. दोन चांगल्या मुली असल्या की काम भागे; तिसरी राखीव म्हणून न्यायची. ही मुलगी तीन वर्षे राखीव होती. ती वेळेवर येई, पाण्याची सुरई भरून ठेवी, गुण लिही. तिच्या शेवटच्या वर्षी एका सामन्यात आम्ही दोन्ही एकेरी जिंकल्या. सामना आमचा झाला होता. उरलेली दुहेरी जिंकली काय आणि हरली काय, सारखेच. दमलेल्या दोघींपैकी एकीला बसवून तिला खेळविता आले असते. तिच्याही ते ध्यानात आले असावे. कारण मी वळून पाहिले तेव्हा ती रॅकेट खोळीतून काढून उभी होती. मी घड्याळाकडे पाहिले. पाच-चाळीसची गाडी गाठायची होती.

"राहू दे आता," मी म्हणालो. "दुहेरी त्यांना सोडून देऊ."

"बरं, सर," ती म्हणाली. तिने रॅकेट पुन्हा खोळीत घातली, आणि चेंडू गोळा करून, मोजून डब्यांत भरले.

गाडी आम्हांला मिळाली. माझ्या दप्तरी तो सामना विजय म्हणून नोंदला गेला. त्या दोघींचा खेळ मला आजही आठवतो. एकीची सर्व्हिस, दुसरीचे जाळ्यापाशी धावून येणे. तिसरीचा हात कसा चाले हे मात्र मला सांगता येणार नाही. तीन वर्षांत मी तो एकदाही नीट पाहिला नाही. तिने भरलेले चेंडू सहाच्या सहा असत, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे.